झोडणीच्या दिवसांत डोळ्यांची खाज : थेंबांचे औषध जपून वापरा

नवरात्र सरता सरता ठाणे जिल्ह्यात हळव्या भाताची कापणी सुरू होते. दिवाळीच्या आगेमागे निमगरवे आणि त्यानंतर गरवे भात खळ्यावर येते. शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण आणि अंबरनाथ तालुक्यांतील खळी गजबजून जातात. भारे झोडले जातात, मळणीयंत्रे धडधडू लागतात, भाताला वारे दिले जाते आणि पेंढ्याच्या गंजी उभ्या राहतात. भाताचे काम उरकते न उरकते तोच माळावरच्या गवताची कापणी येते. याच दोन-तीन महिन्यांत घरोघरी डोळे चोळणारी माणसे दिसू लागतात. डोळे लाल होतात, पाणी गळते, खाज तर अशी सुटते की हात आवरत नाही.

त्रास दरवर्षीचाच असल्यामुळे उपायही ठरून गेलेला असतो. फडताळात किंवा कोनाड्यात डोळ्यांत घालायच्या औषधाची एखादी बाटली पडलेली असते. ती मागच्या वर्षी औषधाच्या दुकानातून आणलेली असते, शेजाऱ्याने दिलेली असते, किंवा घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेली असते. दोन थेंब घातले की तासाभरात लाली उतरते, खाज थांबते आणि औषध लागू पडले असे वाटते.

धोका नेमका येथेच आहे. डोळ्यांत घालायचे सगळे थेंब एकसारखे दिसत असले तरी ते एकसारखे नसतात. काही थेंब ॲलर्जीवर चालतात आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने महिनोन्‌महिने घालता येतात. काही थेंबांनी आराम फार लवकर पडतो, पण ते चुकीच्या वेळी किंवा फार दिवस घातले तर दृष्टी कायमची जाऊ शकते. हा फरक ओळखावा कसा आणि चिठ्ठीवर मिळालेले औषध नीट वापरावे कसे, याची माहिती या लेखात दिली आहे.

ॲलर्जी म्हणजे काय?

आपल्या शरीरात बाहेरून आलेल्या शत्रूशी लढणारी यंत्रणा असते. काही माणसांत ही यंत्रणा धूळ, परागकण, बुरशीची बीजे अशा निरुपद्रवी गोष्टींनाही शत्रू समजते. असा कण डोळ्यात गेला की डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील पातळ पडद्यातील काही विशिष्ट पेशी फुटतात आणि त्यांतून हिस्टामिन नावाचा पदार्थ बाहेर पडतो. त्यामुळे खाज सुटते, रक्तवाहिन्या फुगून डोळा लाल होतो, पाणी येते आणि पापण्या सुजतात. डोळा चोळला की या पेशी आणखी फुटतात, म्हणजे जितके चोळावे तितकी खाज वाढते.

आपल्या भागात हा त्रास देणाऱ्या गोष्टी ऋतूप्रमाणे बदलतात. पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंती आणि पेंढ्यावर बुरशी चढते. पावसाळा संपताना गवते फुलोऱ्यात येतात व त्यांचे परागकण वाऱ्यावर उडतात. झोडणी-मळणीच्या वेळी तूस, कुसळे आणि धूळ असते. उन्हाळ्यात राब भाजण्याचा धूर, वीटभट्ट्यांचा धूर आणि रस्त्यांवरची धूळ यांची भर पडते. गाजरगवत तर शेताच्या बांधापासून कल्याण-डोंबिवलीतील मोकळ्या भूखंडांपर्यंत सगळीकडे पसरले आहे. हे तण पुण्यात १९५० च्या दशकाच्या मध्यास प्रथम आढळले. त्याच्या परागकणांनी नाक व डोळ्यांना आणि झाडाच्या स्पर्शाने त्वचेला त्रास होतो.

खाज ॲलर्जीची की दुसऱ्या कशाची?

डोळा लाल झाला म्हणजे ॲलर्जीच झाली असे नाही. घरच्या घरी पुढील खुणा पाहाव्यात.

१) ॲलर्जी : बहुधा दोन्ही डोळ्यांना एकाच वेळी त्रास होतो. खाज हे मुख्य लक्षण असते. पाणी पातळ असते किंवा दोऱ्यासारखा चिकट पांढरा स्राव येतो. शिंका येणे, नाक गळणे हेही सोबत असते. दरवर्षी ठरावीक दिवसांत किंवा ठरावीक कामानंतर त्रास होतो. हा त्रास एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

२) डोळे येणे : बहुधा एका डोळ्यात सुरू होऊन दुसऱ्यात जाते. चिपडे येतात, सकाळी पापण्या चिकटतात, खाजेपेक्षा खुपणे अधिक असते. घरातल्या इतरांनाही लागण होते. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये राज्यभर अशी साथ आली होती. ही साथ बहुतेक वेळा विषाणूंची असते व काही दिवसांत आपोआप बरी होते.

३) डोळ्याला इजा किंवा बुबुळावर व्रण : बहुधा एकाच डोळ्याला त्रास असतो. खाज नसून दुखते, उजेड सहन होत नाही, डोळा उघडवत नाही, धूसर दिसते. काळ्या बुबुळावर पांढरा ठिपका दिसू शकतो. पात किंवा कुसळ लागल्याचे बहुधा आठवते, पण काही वेळा तेही आठवत नाही.

४) औषधफवारणीनंतरची लाली : कीटकनाशक किंवा तणनाशक डोळ्यात उडाल्याने होणारा दाह ही ॲलर्जी नव्हे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेत शेतकरी व मजुरांचे बळी गेले आणि काहींच्या दृष्टीवरही परिणाम झाला, हे विसरू नये. औषध उडाल्यास डोळा लगेच स्वच्छ पाण्याने सलग १५ ते २० मिनिटे धुवावा आणि औषधाचा डबा किंवा त्यावरील माहितीपत्रक बरोबर घेऊन दवाखाना गाठावा.

पहिल्या प्रकारात घाई नसते. तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारात मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना डोळा दाखवणे आवश्यक असते.

थेंबांचे चार प्रकार

ॲलर्जीच्या नावाखाली वापरले जाणारे थेंब साधारणपणे चार गटांत मोडतात. बाटलीवर कंपनीचे नाव मोठ्या अक्षरांत आणि औषधाचे मूळ नाव लहान अक्षरांत असते. आपण मूळ नाव वाचावे. इंग्रजी वाचता येत नसेल तर घरातल्या शिकणाऱ्या मुलाकडून वाचून घ्यावे.

पहिला गट : ॲलर्जी थोपवणारे थेंब. ओलोपॅटाडिन, केटोटिफेन, बेपोटास्टिन ही यातील नावे आहेत. ही औषधे हिस्टामिनचा परिणाम थांबवतात आणि पेशी फुटण्यालाही आळा घालतात. ओलोपॅटाडिन ०.१ टक्का दिवसातून दोन वेळा, तर ०.२ टक्का दिवसातून एकदाच घालतात. म्हणजे एकाच नावाच्या औषधाचेही प्रमाण वेगळे असते. म्हणून चिठ्ठीवरील टक्केवारी आणि बाटलीवरील टक्केवारी जुळते का, ते पाहावे. घातल्यावर किंचित चुरचुरणे किंवा घशाला कडू लागणे यात घाबरण्यासारखे काही नाही. डोळ्यातील पाणी नाकात उतरण्याची नळी असते, तिच्यातून औषध घशात येते.

दुसरा गट : आधीपासून घालायचे थेंब. सोडियम क्रोमोग्लायकेट हे यातील जुने औषध. ते पेशी फुटू देत नाही, पण फुटून बाहेर पडलेल्या हिस्टामिनवर त्याचा उपयोग नसतो. त्यामुळे पूर्ण गुण यायला कित्येक दिवस, कधी दोन आठवडेही लागतात. दोन दिवसांत फरक पडला नाही म्हणून बाटली टाकून देणे चूक आहे. ज्यांना दरवर्षी झोडणीतच त्रास होतो त्यांनी कापणीच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांना भेटावे. रोग येण्याआधी बियाण्याला औषध चोळतो, तसाच हा प्रकार आहे.

तिसरा गट : केवळ लाली घालवणारे थेंब. नॅफॅझोलीनसारखी औषधे रक्तवाहिन्या आकसवतात, म्हणून डोळा झटकन पांढरा दिसतो. मूळ ॲलर्जी मात्र तशीच राहते. सलग काही दिवसांहून अधिक वापरल्यास औषधाचा असर उतरताच डोळा पूर्वीपेक्षा अधिक लाल होतो, मग पुन्हा थेंब, पुन्हा लाली असे चक्र सुरू होते. काचबिंदूचा एक प्रकार असलेल्यांना हे थेंब घातक ठरू शकतात. रक्तदाब व हृदयविकार असलेल्यांनीही ते विचारल्याशिवाय घालू नयेत.

चौथा गट : स्टेरॉइडचे थेंब. डेक्सामेथॅसोन, बीटामेथॅसोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल, डायफ्लुप्रेडनेट ही यातील नावे लक्षात ठेवावीत. काही बाटल्यांत जंतुनाशक औषध आणि स्टेरॉइड एकत्र असतात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दिले जाणारे थेंब बहुधा याच प्रकारचे असतात. बाटलीवर जंतुनाशकाचे नाव वाचून पुष्कळांचा समज होतो की औषध साधे आहे. म्हणून दोन्ही नावे वाचावीत.

स्टेरॉइड : गुणकारी, पण दुधारी

स्टेरॉइड हे विष नव्हे. ॲलर्जी फार तीव्र असेल, बुबुळाला धोका असेल तर नेत्रतज्ज्ञ स्वतः ते देतात, ठरावीक दिवस देतात, डोळा पुन्हा तपासतात आणि हळूहळू बंद करतात. असे दिलेले औषध मध्येच मनाने बंद करणेही बरे नाही. प्रश्न येतो तो चिठ्ठीशिवाय आणि तपासणीशिवाय वापरण्याचा. त्याचे तोटे तीन आहेत.

पहिला तोटा काचबिंदूचा. काही माणसांत स्टेरॉइडचे थेंब काही आठवडे घातले की डोळ्यातील दाब वाढतो. हा दाब दुखत नाही, खुपत नाही. डोळ्यामागील मज्जातंतू मात्र हळूहळू मरत जातो आणि बाजूची नजर आधी जाते. समोरचे दिसत असल्याने माणसाला कळतही नाही. एकदा गेलेली ही नजर कोणत्याही औषधाने किंवा शस्त्रक्रियेने परत येत नाही. कोणाचा दाब वाढेल हे डोळ्याकडे पाहून सांगता येत नाही. त्यासाठी यंत्राने दाब मोजावा लागतो.

दुसरा तोटा मोतीबिंदूचा. दीर्घकाळ स्टेरॉइड घातल्यास तरुण वयातही मोतीबिंदू होऊ शकतो.

तिसरा तोटा शेतकऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत मोठा आहे. तो म्हणजे बुरशीचा व्रण. भाताची पात, कुसळ किंवा तूस बुबुळाला घासून गेले की तेथे बारीक ओरखडा पडतो. माती, पेंढा आणि पालापाचोळा यांत फ्युजॅरियम, ॲस्परजिलस अशा बुरशी असतातच. त्यांची बीजे त्या ओरखड्यात रुजतात. सुरुवातीला केवळ खुपते, डोळा थोडा लाल होतो आणि शेतकऱ्याला वाटते, दरवर्षीचीच ॲलर्जी आहे. अशा वेळी स्टेरॉइड घातले तर लाली आणि दुखणे कमी होते, कारण शरीराची लढणारी यंत्रणाच दबून जाते. बुरशीला मात्र रान मोकळे मिळते. आठ-पंधरा दिवसांनी बुबुळ पांढरे होऊ लागते, तेव्हा माणूस दवाखान्यात पोहोचतो. तोवर व्रण खोल गेलेला असतो. बरा झाला तरी मागे फूल राहते आणि फूल मध्यावर असेल तर त्या डोळ्याने दिसत नाही. काही वेळा बुबुळ फुटून डोळाच गमवावा लागतो.

बुरशीच्या व्रणावर औषध आहे, पण ते वेगळे आहे. तमिळनाडू व पुदुच्चेरीतील अरविंद नेत्र रुग्णालयांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत नटामायसिन ५ टक्के हे थेंब व्होरिकोनाझोल या नव्या व महाग औषधापेक्षा सरस ठरले. मात्र हे थेंब सुरुवातीला दर तासाने आणि पुढे कित्येक आठवडे घालावे लागतात. तेही डोळ्यातील व्रणाचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासून. हे काम दुकानाच्या फळीवर होणारे नाही.

येथे एक आशेची गोष्टही सांगितली पाहिजे. नेपाळमधील भक्तपूर जिल्ह्यात दोन वर्षे एक प्रयोग करण्यात आला आणि २००१ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. डोळ्याला ओरखडा पडलेल्या शेकडो लोकांना तीन दिवस क्लोरॅम्फेनिकॉलचे साधे मलम देण्यात आले. बहुतेकांचे डोळे जंतुसंसर्ग न होता बरे झाले. ज्यांना इजा झाल्यापासून १८ तासांच्या आत मलम मिळाले त्यांच्यापैकी एकालाही व्रण झाला नाही. यातून घ्यायचा धडा हा, की कुसळ लागल्यावर डोळा त्याच दिवशी दाखवावा. भात आज झोडले काय आणि उद्या झोडले काय, फरक पडत नाही. डोळ्याच्या बाबतीत एका रात्रीने फरक पडतो.

मुलांच्या डोळ्यांकडे विशेष लक्ष द्यावे

पाच ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांत, आणि मुलींपेक्षा मुलग्यांत अधिक, ॲलर्जीचा एक तीव्र प्रकार आढळतो. उन्हाळा जवळ आला की मूल सारखे डोळे चोळते, उजेडात डोळे मिटून घेते, डोळ्यांतून तारेसारखा चिकट स्राव येतो. वरच्या पापणीच्या आत खडबडीत उंचवटे येतात. हा आजार वर्षानुवर्षे परत परत येतो आणि वय वाढले की बहुधा आपोआप थांबतो.

दुखणे परत येते म्हणून आईबाप जुनी बाटली किंवा जुनी चिठ्ठी दुकानात दाखवून तेच औषध पुन्हा आणतात. ते स्टेरॉइड असेल तर वय वाढून ॲलर्जी जाते, पण तोपर्यंत काचबिंदूने नजर गेलेली असते. मूल फळ्यावरचे दिसत नाही असे सांगेपर्यंत फार उशीर झालेला असतो. म्हणून अशा मुलाला नेत्रतज्ज्ञांकडे नियमित न्यावे आणि स्टेरॉइड चालू असेल तर दर भेटीत डोळ्याचा दाब मोजला का, हे विचारावे. विचारण्यात संकोच बाळगू नये. मुलाची डोळे चोळण्याची सवयही मोडावी, कारण सतत चोळल्याने बुबुळाचा आकार बिघडून नंबर वाढतो.

चिठ्ठी आणि दुकान

स्टेरॉइडसह डोळ्यांची अनेक औषधे कायद्याने चिठ्ठीवरच विकायची असतात. अशा बाटलीवर 'आरएक्स' हे चिन्ह आणि नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये अशी सूचना छापलेली असते. प्रत्यक्षात दुकानात डोळा दाखवून औषध मागणारे आपणच असतो. 'डोळे लाल झालेत, काहीतरी द्या' असे म्हणू नये.

डॉक्टरांकडे गेल्यावर पुढील गोष्टी स्वतःहून सांगाव्यात : डोळ्याला काही लागले होते का, आधी कोणते थेंब घातले (बाटली बरोबर न्यावी), घरात कोणाला काचबिंदू आहे का, मधुमेह किंवा रक्तदाब आहे का, गरोदरपण किंवा अंगावर पाजणे चालू आहे का, आणि डोळ्यात लेन्स घालता का. तसेच पुढील चार गोष्टी विचारून घ्याव्यात : या औषधात स्टेरॉइड आहे का, दिवसातून किती वेळा घालायचे, किती दिवस घालायचे आणि पुन्हा दाखवायला कधी यायचे.

ॲलर्जीसाठी काही वेळा पोटात घ्यायच्या गोळ्याही मिळतात. त्यांतील बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. अशी गोळी घेऊन मळणीयंत्रावर पेंढ्या लावू नयेत, ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल चालवू नये.

थेंब घालण्याची योग्य पद्धत

औषध बरोबर असूनही घालण्याची पद्धत चुकली तर ते गालावरून ओघळून जाते किंवा बाटलीच दूषित होते. पुढील क्रमाने थेंब घालावेत.

१) हात साबणाने स्वच्छ धुवावेत. शेतातून आल्यावर आधी तोंड धुवून घ्यावे.

२) बाटलीवरील नाव आणि मुदत वाचावी. कानात घालायचे थेंब, जनावरांचे औषध आणि झटपट चिकटवण्याचा गोंद यांच्या नळ्या-बाटल्या अशाच दिसतात. त्या एकाच फडताळात ठेवू नयेत.

३) बाटलीवर 'हलवून वापरा' असे लिहिले असेल तर नीट हलवावी.

४) बसून मान मागे टाकावी किंवा उताणे झोपावे. एका बोटाने खालची पापणी हलकेच खाली ओढावी, म्हणजे एक छोटी खोबण तयार होते.

५) वर पाहत त्या खोबणीत एक थेंब सोडावा. बाटलीचे टोक पापणीला, केसांना किंवा बोटाला लागू देऊ नये.

६) डोळा अलगद मिटावा आणि एक-दोन मिनिटे मिटलेलाच ठेवावा. नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा बोटाने हलकेच दाबून धरावा. त्यामुळे औषध घशात न उतरता डोळ्यातच राहते. डोळा करकचून मिटू नये, पिचकवू नये.

७) एका वेळी एकच थेंब पुरे. डोळ्यात त्याहून अधिक मावत नाही, जास्तीचे औषध वाया जाते.

८) दोन प्रकारचे थेंब असतील तर मध्ये किमान पाच मिनिटे जाऊ द्यावीत. मलम असेल तर ते सर्वांत शेवटी लावावे. मलमानंतर काही वेळ धूसर दिसते, म्हणून ते रात्री झोपताना लावणे सोयीचे.

९) लेन्स घालणाऱ्यांनी ती काढूनच थेंब घालावेत आणि पुन्हा घालण्यापूर्वी निदान पंधरा मिनिटे थांबावे. डोळा लाल असताना लेन्स घालूच नये.

बाटलीची निगा

बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवावी. उघडलेली बाटली साधारणपणे चार आठवड्यांनी टाकून द्यावी, मग तीत औषध उरलेले असो वा छापील मुदत शिल्लक असो. काही औषधांची उघडल्यानंतरची मुदत वेगळी असते, ती वेष्टनावर पाहावी. मागच्या दिवाळीतील बाटली या दिवाळीत वापरू नये. बाटली बांधावर, गाडीत किंवा खळ्यावर उन्हात ठेवू नये. एकाची बाटली दुसऱ्याने वापरू नये. २०२३ मध्ये अमेरिकेत दूषित झालेल्या डोळ्यांच्या थेंबांमुळे जंतुसंसर्ग होऊन काहींची दृष्टी गेली, काही जण दगावलेही. ते थेंब तर कोरडेपणासाठी घालायचे साधे थेंब होते. डोळ्यात घालायचे औषध निर्जंतुक असणे किती महत्त्वाचे आहे, हे यावरून ध्यानात येईल.

मध, कांद्याचा किंवा लिंबाचा रस, एरंडेल, तूप, बाळंतिणीचे दूध, झाडपाल्याचा रस यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये. त्यांनी आग तरी होते किंवा जंतू तरी जातात.

कुसळ गेल्यास काय करावे?

डोळा चोळू नये. स्वच्छ, पिण्याच्या पाण्याने डोळा धुवावा. वाटीभर पाण्यात डोळ्यांची उघडझाप केली तरी चालते. पापणीखालचा कण बहुधा धुतल्यावर निघून जातो. निघाला नाही, किंवा निघूनही तासाभराने खुपत राहिले, तर डोळ्यावर स्वच्छ कापड अलगद ठेवून दवाखाना गाठावा. जिभेने, पदराच्या टोकाने किंवा काडीने कुसळ काढू देऊ नये. बुबुळावर रुतलेला कण घरी कधीही उपटू नये.

प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी दाखवावे. पुढील तपासणीसाठी मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय, शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय, डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा मुंबईचे जे. जे. रुग्णालय येथे जाता येईल. नेत्रतज्ज्ञ कोणत्या वारी असतात याची चौकशी हंगामाआधीच करून ठेवावी, म्हणजे ऐन वेळी खेप वाया जात नाही.

धूळ टाळली तर औषध कमी लागते

१) वारे देताना वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे. मळणीयंत्र असे मांडावे की भुसा कामकऱ्यांच्या तोंडावर न येता वाऱ्याबरोबर दूर जाईल.

२) झोडताना, मळणी करताना आणि गवत कापताना बाजूने बंद असलेला साधा पारदर्शक चष्मा वापरावा. त्याची किंमत औषधाच्या एका-दोन बाटल्यांहून फारशी जास्त नसते. नाकातोंडावर फडके बांधतो तसा हा चष्मा हंगामाच्या सामानात असावा. मजुरांसाठीही ठेवावा.

३) खळ्याभोवतालच्या जागेवर पाणी शिंपडावे, म्हणजे धूळ उडत नाही. लहान मुलांना यंत्राजवळ येऊ देऊ नये.

४) काम संपल्यावर हातपाय, तोंड आणि केस धुवावेत, कपडे बदलावेत. त्याच कपड्यांनी अंथरुणावर टेकू नये.

५) पेंढा ओला असताना गंजी घालू नये. बुरशी चढलेला पेंढा जनावरांनाही चांगला नाही आणि तो हलवणाऱ्याच्या डोळ्यांनाही.

६) गाजरगवत फुलावर येण्यापूर्वीच हातमोजे घालून मुळासकट उपटावे.

७) खाज सुटल्यास स्वच्छ कापड थंड पाण्यात भिजवून, पिळून, मिटलेल्या डोळ्यांवर पाच-दहा मिनिटे ठेवावे. सौम्य ॲलर्जीत एवढ्यानेही बराच आराम पडतो, आणि या उपायाला काहीही अपाय नाही.

त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, जर—

- एकाच डोळ्याला त्रास असेल आणि तो दुखत असेल,
- उजेड सहन होत नसेल किंवा कमी दिसू लागले असेल,
- बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल,
- डोळ्याला पात, कुसळ, काडी लागली असेल किंवा औषध उडाले असेल,
- पिवळा पू येत असेल,
- थेंब चालू असताना दोन-तीन दिवसांतही दुखणे वाढत असेल.

शेतकरी बंधू-भगिनींनो, पिकावर कीड दिसली म्हणून आपण मिळेल ते औषध मारत नाही. कीड कोणती, औषध कोणते, प्रमाण किती आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबायचे, हे आता आपण विचारून घेतो. स्वतःच्या डोळ्याच्या बाबतीत तेवढीच चौकशी करावी. यंदा कापणीला लागण्यापूर्वी एक काम अवश्य करा. फडताळातील डोळ्यांच्या औषधांच्या सगळ्या बाटल्या बाहेर काढा, त्यांवरील नावे वाचा आणि जुन्या, उघडलेल्या बाटल्या टाकून द्या. या कामाला दहा मिनिटे पुरतात. तेवढ्याने घरातल्या एखाद्याची नजर वाचू शकते.